‘धातू जातो, अंगात ताकद उरली नाही, लग्न करू का?’ : एका तरुणाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : वय 24, मूळ गाव लातूर जिल्ह्यात, काही वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेची तयारी, नवी पेठेतल्या अभ्यासिकेत दिवस जातो. पंधराव्या वर्षापासून हस्तमैथुनाची सवय. वर्षभरापासून लघवीतून पांढरं जातं, शौचाला जोर लावला की चिकट थेंब येतात, महिन्यातून दोन-तीनदा झोपेत वीर्य जातं. कंबर आणि पिंढऱ्या दुखतात, वाचलेलं लक्षात राहत नाही, सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. लघवीची तपासणी नॉर्मल, हिमोग्लोबिन 14. एका डॉक्टरांनी हसून ‘काही नाही रे, लग्न कर’ म्हणून परत पाठवलं. मग स्टेशनजवळच्या एका लॉजवर महिन्यातून एकदा येणाऱ्या वैद्याकडून अठरा हजारांचा ‘कोर्स’ घेतला. त्यानं सांगितलं, नसा ढिल्या झाल्यात, उशीर केलात तर मूल होणार नाही. मे महिन्यात लग्न ठरलंय. लग्न करावं का, आणि झालेलं नुकसान भरून निघेल का?

आधी दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो. या कारणासाठी लग्न थांबवायची काहीही गरज नाही. हस्तमैथुनानं किंवा झोपेत वीर्य गेल्यानं तुमचं नुकसान झालेलंच नाही, त्यामुळे भरून काढायलाही काही नाही. पण तुमचा त्रास खरा आहे. कंबर खरीच दुखते, पानं खरीच डोक्यात शिरत नाहीत. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना हा त्रास दिसला नाही. लॉजवरच्याला तो दिसला, पण त्यानं कारण खोटं सांगितलं. माणूस ज्याला आपला त्रास दिसतो त्याच्याकडेच जातो. तुम्ही गेलात याचं मला नवल वाटत नाही.

वजनाचं मात्र सगळ्यात आधी बोलू. सहा महिन्यांत सहा किलो ही ‘टेन्शननं झालं असेल’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तुमच्या तपासण्यांत रक्तातली साखर, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे दिसत नाही. बंद अभ्यासिकेत शंभर मुलांबरोबर दिवसाचे बारा तास बसणाऱ्या, एक वेळ मेसचा डबा आणि एक वेळ चहा-पोह्यांवर काढणाऱ्या मुलाचं वजन उतरलं, तर मी क्षयरोग नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, दोन आठवड्यांहून जास्त खोकला यातलं काही असेल तर याच आठवड्यात जा. बहुधा सगळं व्यवस्थित निघेल. पण वीर्याच्या भीतीआड खरा आजार लपून बसू नये. असं होताना मी पाहिलंय.

आता त्या पांढऱ्याकडे येऊ. भरपेट जेवणानंतर लघवी थोडी अल्कधर्मी होते आणि तिच्यात विरघळलेलं फॉस्फेट साक्याच्या रूपात बाहेर पडतं. लघवी गढूळ, कधी दुधी दिसते, शेवटच्या धारेत जास्तच. पाणी कमी प्यायलं की हे ठळक होतं आणि अभ्यासिकेतली मुलं जागा जाऊ नये, सारखं उठावं लागू नये म्हणून पाणी कमीच पितात. खात्री करायची असेल तर एका पारदर्शक ग्लासात गढूळ लघवी घ्या आणि चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं व्हिनेगर चमचाभर घाला. फॉस्फेट असेल तर गढूळपणा डोळ्यांदेखत विरघळेल. वीर्य किंवा पू असा विरघळत नाही. मी बाह्यरुग्ण विभागात हे करून दाखवतो तेव्हा मुलं ग्लासकडे टक लावून बघत राहतात. अर्धा तास समजावून जे होत नाही ते त्या चमचाभरानं होतं.

शौचाच्या वेळचे थेंब वेगळे. पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) आणि वीर्यकोश गुदाशयाला अगदी खेटून असतात. मैद्याचं खाणं, पाणी कमी आणि दिवसभर बैठक, यांनी शौच कडक झालं की जोर लावताना या ग्रंथी दाबल्या जातात आणि त्यांचा स्राव मूत्रमार्गातून दोन-चार थेंब बाहेर येतो. इलाज बद्धकोष्ठाचा करायचा. तिसरा एक प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, पण लग्न ठरलेली मुलं खालच्या आवाजात हमखास सांगतात : होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलताना तारेसारखं चिकट, पारदर्शक पाणी येतं. ते मूत्रमार्गालगतच्या काउपर ग्रंथींचं वंगण. शरीर तयार होतंय एवढाच त्याचा अर्थ, खरं तर ती चांगली खबर आहे.

झोपेत वीर्य जाण्याबद्दल. वृषणात शुक्राणू दर सेकंदाला हजाराहून जास्त या वेगानं अखंड तयार होत असतात. वापरले गेले नाहीत तर काही शरीरात शोषले जातात, काही झोपेत बाहेर पडतात. अमेरिकेत किन्सी यांच्या 1948 च्या पाहणीत सुमारे 83 टक्के पुरुषांनी आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव सांगितला होता. हस्तमैथुन बंद केल्यावर काहींना तो जास्त येतो. तुमच्या पिढीत मोबाइलवर नव्वद दिवसांच्या ब्रह्मचर्याची टूम निघालीय. पठ्ठ्या एकविसाव्या दिवशी झोपेत ‘हरतो’, आकडा शून्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर वाया जातो. वीर्यामुळे नव्हे, रात्रभर स्वतःला शिव्या घालत जागल्यामुळे.

मग ‘शंभर थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं’ असं जे सांगतात, त्याचं काय? हे गणित तुम्ही स्वतःच सोडवा, सी-सॅटमध्ये याहून अवघड येतात. एका वेळचं वीर्य साधारण 3 मिलिलिटर, म्हणजे साठेक थेंब. प्रत्येकाला शंभर थेंब रक्त धरलं तर सहा हजार थेंब, म्हणजे 300 मिलिलिटर. रक्तदानाची पिशवी 350 ची असते आणि पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. दिवसाआड हस्तमैथुन करणाऱ्या मुलाचं महिन्याला साडेचार लिटर रक्त गेलं असतं. अंगात असतंच एकूण पाचेक लिटर. आणि तुमचं हिमोग्लोबिन 14 आहे! प्रत्यक्षात वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांनी बनवलेला द्रव असतो, शुक्राणूंचा वाटा 2 ते 5 टक्के. एका वेळी प्रथिनं जातात ती 150 मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढी पाच-सहा मिलिलिटर दुधात, म्हणजे चमचाभर दुधात मिळतात.

हा हिशोब आपल्याकडे आयुर्वेदाच्या नावावर खपतो. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असे सात धातू आणि शुक्र सगळ्यात शेवटचा, ही मांडणी आयुर्वेदाचीच. पण त्याच आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आख्खं अंग वाजीकरणाचं, म्हणजे कामशक्ती आणि प्रजननाचं, आहे आणि चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत त्यांत मल, मूत्र, शिंक, भूक यांच्याबरोबर रेताचाही, म्हणजे वीर्याचाही, वेग आहे. लॉजवरचे लोक हे अध्याय गाळतात. तालमीतल्या वस्तादाचं ‘लंगोटाचा पक्का’ राहायला सांगणं समजू शकतं. पोरगं मेहनतीवर राहावं, रात्री भटकू नये हा त्यातला हेतू. पण पैलवानाच्या शिस्तीचा नियम शरीरशास्त्र म्हणून घरोघर पोचला आणि घोटाळा झाला.

हे खूळ फक्त आपलं असंही समजू नका. स्विस डॉक्टर तिसो यांनी अठराव्या शतकात लिहून ठेवलं की एक औंस वीर्य जाणं म्हणजे चाळीस औंस रक्त जाणं. त्यांचा आकडा आपल्यापेक्षा स्वस्त, एवढंच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले लालमाँ नावाचे नामांकित शल्यचिकित्सक ‘वीर्य गळणाऱ्या’ रुग्णांच्या मूत्रमार्गात सिल्व्हर नायट्रेट घालून तो भाग डागत. झोपेत ताठरता आली की टोचावेत असे दातेरी कडे इंग्लंड-अमेरिकेत विकले जात. श्रीलंकेत हीच भीती ‘प्रमेह’ नावानं आढळते, चीनमध्ये ‘शेन-क्वेई’ नावानं. आपल्याकडे डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये या तक्रारींच्या जुडग्याला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात त्याचा उल्लेख आला. युरोपात ही भीती बरीचशी ओसरली, आपल्याकडे टिकली. शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात आणि सार्वजनिक मुतारीची भिंत तोच धडा मोठ्या अक्षरांत शिकवते, हे त्याचं एक कारण. याच मातीत महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच.

तर मग कंबर का दुखते, ताकद कुठे गेली? तुमच्या दिवसाचा तपशील तुम्हीच लिहिलाय : रात्री दोननंतर झोप, सकाळी सातला जागा पकडायला धाव, दिवसाला सहा-सात चहा, दोन वेळा पूर्वपरीक्षेत थोडक्यात हुकलेले गुण, गावाकडून दर रविवारी ‘यंदा होईल ना?’ असा फोन. यात कुणाचीही पिंढरी दुखेल. पण परीक्षेची भीती घरी सांगता येत नाही आणि थकवा सांगितला तर आळशी म्हणतील. ‘धातू जातो’ हे मात्र मनाला पटतं, कारण त्याला कारण आहे, शिक्षा आहे, आपली चूकही आहे. पंधराव्या वर्षापासूनचा अपराधीपणा तयारच होता, त्याला फक्त लक्षणं हवी होती. एकदा हे धरलं की प्रत्येक लघवी बघायची, आरशात गाल बसलेत का बघायचं, लिंग दाबून ताठरता येते का तपासायचं. जितकं तपासाल तितकं सापडतं.

अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना तपासणीअंती नैराश्य किंवा चिंतेचा आजार निघतो. तुम्हालाही असेल असं इथे बसून मी सांगू शकत नाही, पण काही विचारतो. पूर्वी आवडायच्या गोष्टींतला रस गेलाय का? पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही का? आपण कुटुंबाला ओझं आहोत, नसलेलं बरं, असं येतं का मनात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडंही ‘हो’ असेल तर हे वाचणं थांबवून 14416 या ‘टेली-मानस’ (मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी) क्रमांकावर बोला. रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पंख्याखाली एकट्यानं विचार करत बसू नका.

‘कोर्स’ आजपासून बंद. पुड्यांवर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ताकदीच्या अशा पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, किंवा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. शिशानं पोटात कळा येतात आणि बद्धकोष्ठ होतं. म्हणजे तुमचे शौचाचे थेंब या पुड्यांनीच वाढवले असण्याची शक्यता आहे. उरलेल्या फेकू नका, डॉक्टरकडे नेऊन दाखवा. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. नाव पुढे येईल म्हणून तुम्ही करणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे. अठरा हजार गेले ते गेले. दुसऱ्या ‘डोस’साठी फोन येईल, तो उचलू नका.

आता लग्नाचं. तुम्ही लिहिलंय की सकाळी ताठरता असते, पण ‘तपासायला’ गेलं की जाते. याहून चांगली बातमी नाही. झोपेत आणि पहाटे ताठरता येते म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा आपलं काम करताहेत. भीतीनं ॲड्रिनलीन वाढतं, लिंगातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ताठरता जाते. ही यंत्रणा वाघ दिसल्यावर पळण्यासाठी आहे, तिला वाघ आणि वैद्याचं वाक्य यातला फरक कळत नाही. पहिल्या रात्रीही हेच होतं. दोन दिवसांचे विधी, जागरण, बाहेर पाहुणे, नव्या खोलीत दोन जवळपास अनोळखी माणसं आणि सकाळी मित्र चेष्टा करणार ही धास्ती. त्या रात्री काही झालंच पाहिजे असा नियम कुणी केलेला नाही. मी जोडप्यांना सांगतो, पहिले काही दिवस संबंध करायचाच नाही असं दोघांनी मिळून ठरवा. बोला, जवळ या, स्पर्शाची ओळख होऊ द्या. परीक्षा रद्द झाली की बहुतेकांचं शरीर आपणहून हजर राहतं.

वेळेची आणि आकाराची धास्तीही तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलेला वेळ 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मध्यक 5.4 मिनिटं होता, म्हणजे निम्म्यांचा वेळ याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त. 2015 मध्ये पंधरा हजारांहून जास्त पुरुषांच्या मोजमापांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ताठर लिंगाची सरासरी लांबी 13 सेंटिमीटरच्या जवळपास आली. मोबाइलवरच्या चित्रफिती काटछाट केलेल्या आणि निवडक माणसांच्या असतात. डावीकडे थोडा कल असणं आणि एक वृषण खाली असणं याला आजार म्हणत नाहीत.

मूल होण्याशीही हस्तमैथुनाचा काही संबंध नाही. खात्रीच हवी असेल तर वीर्यतपासणी कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. पण मी सहसा ती भीती शमवायला करू देत नाही. आकडा जरा कमी आला की नवं भूत मानगुटीवर बसतं.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का? हस्तमैथुनाची कबुली द्यायचं काही कारण नाही, तो अपराध नव्हे. पण चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी औषधं सुरू झाली तर लग्नाआधी सांगा. पुढे कपाटात सापडलेल्या गोळ्यांनी होणारा गैरसमज फार महाग पडतो. तिला हेही विचारा की तिला कशाची भीती वाटते. ‘अंगावरून पांढरं जातं म्हणून अशक्तपणा’ ही बायकांची तक्रार मी तुमच्या तक्रारीइतकीच ऐकतो. बहुतेकदा तो नेहमीचाच स्राव असतो. खाज, दुर्गंधी किंवा दुखणं असेल तर मात्र तपासून घ्यायचं.

काही तक्रारींना मात्र हे उत्तर लागू नाही. लघवीला जळजळ, पिवळा पू, रक्त, लिंगावर फोड किंवा जखम, वृषणात गाठ, मागे न सरकणारी त्वचा, ताठरतेत दुखणारा बाक यासाठी सरळ मूत्रविकारतज्ज्ञ किंवा त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ गाठा. वृषणात अचानक तीव्र कळ आली तर रात्रीचे तीन वाजले असले तरी थांबू नका. पीळ पडलेलं वृषण वाचवायला सहाएक तासच हातात असतात. आणि हे उत्तर तुमच्या वडिलांच्या वयाचं कुणी वाचत असेल तर चाळिशीनंतर ताठरता हळूहळू कमी होत गेली की साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून त्या आधी चोंदतात.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, की ‘त्या गोळ्यांनी माणूस कामातून जातो’ हे खरं का. अर्धं खरं आहे. चिंतेवरच्या काही औषधांनी इच्छा कमी होऊ शकते, वीर्य यायला उशीर लागतो (शीघ्रपतनाच्या रुग्णाला हाच परिणाम उपयोगी पडतो). म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की लग्न मे महिन्यात आहे, औषध निवडताना ते लक्षात घेता येतं. बऱ्याच जणांना औषध लागतही नाही. चार-सहा भेटींत बोलणं, झोपेची वेळ नीट बसवणं आणि लघवी-आरसा-तपासणी ही सवय तोडणं एवढ्यावर भागतं. आजपासून एवढं करा : लघवी करताना खाली बघू नका, दुपारी चारनंतर चहा नको, रोज अर्धा तास पर्वतीच्या पायऱ्या.

पैशांची अडचण असेल तर ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. त्या लॉजपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. केसपेपरच्या खिडकीत ‘काय होतंय’ विचारलं तर सगळ्या रांगेसमोर हे सांगावं लागेल या भीतीनं मुलं दारातून परत जातात. तिथे ‘झोप येत नाही, वजन उतरलंय’ एवढंच सांगा, ते खोटंही नाही. बाकीचं आत दार लावल्यावर बोला. शब्द सुचला नाही तर ‘धातू जातो’ एवढंच म्हणा. समोरच्या डॉक्टरनं ते त्याच सकाळी आधी कुणाकडून तरी ऐकलेलं असेल. साखरेसाठी उपाशीपोटी जा आणि पुड्या बरोबर घ्या.